स्पीती, व्हाया कचऱ्याची टेकडी

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पंचक्रोशीत उंच म्हणावी अशी एकच जागा आहे, आणि ती कचऱ्याची आहे. आसपासच्या गावांनी वीस-पंचवीस वर्षं आपापला कचरा तिथे आणून टाकला. मग कोणीतरी त्यावर माती घातली, मातीवर हिरवळ लावली, आतला वायू बाहेर पडावा म्हणून मधूनमधून लोखंडी नळ्या रोवल्या आणि पायथ्याशी पाटी लावली की ही टेकडी. इलिनॉय इतकं सपाट आहे की लोकांनी पाटीवर लगेच विश्वास ठेवला. १९९६ सालच्या मार्चपासून दर शनिवारी-रविवारी सकाळी या टेकडीवर एक चव्वेचाळीस वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर पाठीवर वीस पौंडी बासमतीची पिशवी बांधून चढताना दिसू लागला. त्याचं नाव धर्मराज. तो हिमालयात निघाला होता.

हिमालयात म्हणजे नेमकं स्पीतीच्या खोऱ्यात. याचं मूळ होती एक अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका, जी धर्मराजने एका मासिकातली बारीक जाहिरात पाहून पोस्टाने मागवली होती. कोणा निवृत्त इंग्रज शाळामास्तरांनी ती लिहिली होती. स्पीती नदीच्या काठाकाठाने एका बौद्ध विहारापासून दुसऱ्यापर्यंत पायी कसं जायचं, वाटेत कोणती झुडपं, कोणते पक्षी, कुठे थांबायचं, हे सगळं त्यात क्रमांक घालून दिलं होतं. एकूण बारा थांबे. कव्हरवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: सेल्फ-गाइडेड. तो शब्द वाचून धर्मराजच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपल्याला काय हवं होतं हे त्याला एका शब्दात कळलं.

कारण गाइड या जमातीबद्दल त्याच्या मनात एक जुनी अढी होती. दोन वर्षांपूर्वी एका बसटूरमध्ये हातात पिवळा झेंडा घेतलेल्या गाइडने त्याला चार दिवस माईकवरून 'अवर फ्रेंड फ्रॉम बॉम्बे' म्हणून हाक मारली होती. धर्मराज नागपूरचा. त्याने हे तीनदा सांगून पाहिलं. चौथ्या दिवशी तो स्वच्छतागृहात असताना त्याला न घेताच बस निघाली, आणि अर्ध्या मैलावरून परत आली तेव्हा सगळी बस 'बॉम्बे! बॉम्बे!' असं ओरडत टाळ्या वाजवत होती. त्या दिवसापासून त्याने ठरवलं होतं, यापुढे झेंड्यामागे जाणं नाही. आणि स्वतःच स्वतःचा उजेड व्हा म्हणणाऱ्या बुद्धाच्या विहारात गाइड घेऊन जायचं म्हणजे तर हद्दच झाली, असं तो उपासनाला पटवून देत असे. उपासना त्याची बायको. ती फार्मसिस्ट होती, आणि दिवसभर लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून घरी आल्यावर कोणाशीही वाद घालत नसे.

पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती होती गिरजाबाईंची. धर्मराजची आई वर्षातले काही महिने नेपरव्हिलला असायची, वय सहासष्ट. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा उमरेडच्या पुढच्या आपल्या गावातून ती तीन दिवस चालत आली होती, चार वर्षांच्या धर्मराजला कडेवर घेऊन. या वर्षी त्याला चाळीस वर्षं होत होती. आणि याच वर्षी स्पीतीतल्या ताबोच्या विहाराला हजार वर्षं पूर्ण होत होती, असं त्या पुस्तिकेत लिहिलं होतं. धर्मराजने ते वाचून दाखवलं तेव्हा गिरजाबाई भाजी निवडायची थांबली.

"हजार वर्षं? तवापासून बुद्ध तिथंच हाय?"

"तिथेच. मातीच्या भिंती आहेत, भिंतींवर चित्रं आहेत."

"मले पाह्यचं हाय," ती म्हणाली.

आईने उभ्या आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलेलं नव्हतं. अमेरिकेत आल्यावरसुद्धा नाही. धर्मराजने त्याच क्षणी शब्द दिला, या ऑगस्टमध्ये तुला ताबोला नेतो. शब्द देऊन तो घाईघाईने पुस्तिकेचं पुढचं पान उलटायला लागला.

पान दोनवर 'परदेशी नागरिकांसाठी सूचना' असा मथळा होता. धर्मराजने ते पान मोठ्या सहानुभूतीने बाजूला केलं. बिचारे गोरे, एवढ्या लांबून येतात, त्यांना काय काय सोसावं लागत असेल, असं त्याच्या मनात आलं आणि तो पान तीनवर गेला. इथे एक बारीक तपशील सांगून ठेवायला हवा. त्याच वर्षी जानेवारीत धर्मराजने आणि उपासनाने अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती. पेढे वाटले होते, छोटे झेंडे हातात धरून फोटो काढले होते, निळे पासपोर्ट कपाटात ठेवले होते. परंतु 'परदेशी' या शब्दाचा आपल्याशी काही संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

तिकिटं काढली. आता तयारी. एप्रिलमध्ये शाळेच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम झाला, त्यात स्वयंपाकाच्या मंडळींचे आभार मानायला म्हणून धर्मराज माईकपाशी गेला आणि आभार राहिले बाजूला, स्पीतीची घोषणा करून आला. टाळ्या पडल्या. त्याला वाटलं काम झालं. वास्तविक काम त्या टाळ्यांपासून सुरू झालं, कारण दुसऱ्या दिवसापासून सल्ले यायला लागले.

पहिला सल्ला दोन घरं पलीकडून आला. तिथे डॉक्टर चारुदत्तकाका राहत. अडुसष्ट साली पुण्याहून आलेले, भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. आयुष्यभर माणसांना झोपवण्याचाच व्यवसाय केल्यामुळे त्यांच्या बोलण्याला एक संथ लय आली होती आणि ऐकणारा पाच मिनिटांत सुस्तावत असे.

"धर्मराज, अरे, दहा हजार फुटांवर ऑक्सिजन किती असतो माहीत आहे का तुला? मेंदूला सूज येते. माणूस असंबद्ध बोलायला लागतो."

"मग आपल्याला कळणार कसं?" उपासनाने आतून विचारलं. ती सहसा वाद घालत नसे म्हणून सांगितलं, पण अधूनमधून प्रश्न विचारत असे.

रेखाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, मेतकूट, भाजणी आणि डिंकाच्या लाडवांची यादी दिली. कोणी सांगितलं लोकरी मोजे घ्या, कोणी सांगितलं लोकरीने पायाला फोड येतात. कोणाच्या मेव्हण्याला याकने ढुशी दिली होती. पुढे चौकशीत तो याक नसून पचमढीची म्हैस निघाली, तरी सल्ला कायम राहिला. रवी नावाचा धर्मराजचा तरुण मित्र, जर्सी सिटीहून नुकताच बदलून आलेला प्रोग्रॅमर, एक हातात धरायचं यंत्र घेऊन आला. ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून माणूस कुठे आहे ते सांगत असे.

"यार, धर्मराजभाऊ, हे असलं की हरवायचा सवालच नाही!"

यंत्र टेकडीवर नेलं. बारा मिनिटं विचार करून त्याने सांगितलं की धर्मराज शेजारच्या तळ्यात आहे. रवी म्हणाला, शंभरेक मीटरचा फरक चालायचाच. हिमालयात शंभर मीटरचा फरक म्हणजे काय, याचा विचार धर्मराजने त्या दिवशी केला नाही, कारण तो फार आनंदात होता. इतका आनंदात की रात्री झोपेतही पाय हलवायचा.

त्याने टेकडीवर अख्खं स्पीतीचं खोरं मांडलं. पार्किंगजवळचा पाण्याचा नळ हा थांबा क्रमांक एक, तिथे पुस्तिकेप्रमाणे बाटल्या भरून घ्यायच्या. पहिली वायूची नळी हा स्तूप. अशा पवित्र वास्तूंना उजव्या हाताला ठेवूनच पुढे जावं असं पुस्तिकेत होतं, म्हणून धर्मराज प्रत्येक नळीला नीट उजवीकडे ठेवून वळसा घाली. थांबा क्रमांक सातला पुस्तिका म्हणे: 'इथे बसा. पाच मिनिटं काही करू नका. फक्त नदी ऐका.' टेकडीवर त्या जागी एक बाक होता आणि समोर हायवे. धर्मराज डोळे मिटून हायवे ऐके. आणि थांबा क्रमांक नऊ: 'इथे डावीकडची वाट सोपी दिसते. ती घेऊ नका.' टेकडीवर नेमक्या तशाच दोन वाटा होत्या, त्याचा त्याला कोण अभिमान.

गिरजाबाई पहिल्या दिवसापासून सोबत होती. नऊवारी, वर मुलाचं जुनं जॅकेट, पायात कॅनव्हासचे बूट. पुस्तिका इंग्रजीत असल्यामुळे प्रत्येक थांब्यावर धर्मराज मोठ्याने वाचून मराठीत सांगायचा आणि धापा टाकायचा. ती दोन्ही शांतपणे ऐकून घ्यायची.

"कायले इतकं ओझं घेऊन राहिला रे? तिकडं तांदूळ नाही भेटत काय?"

"आई, ही प्रॅक्टिस आहे."

"चालाची प्रॅक्टिस?" तिला खरोखरच नवल वाटलं. मग ती पुढे निघून जायची आणि वर पोचून त्याची वाट पाहत बसायची.

पंधरा वर्षांची सोनल, त्यांची मुलगी, एकदाच आली. तिने सगळं पाहिलं, नळ्यांभोवतीच्या प्रदक्षिणा पाहिल्या आणि म्हणाली, "डॅड, धिस इज अ गार्बेज हिल." ऑगस्टमध्ये येणार का, असं विचारल्यावर म्हणाली, "आय हॅव बँड कॅम्प." ती शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे, आणि त्या वर्षी कोणत्याही प्रश्नाला तिचं हेच उत्तर होतं.

मे महिन्यात सल्लागार मंडळी स्वतः पाहणीला आली. थर्मास, पोहे, सतरंज्या, एकूण अकरा जण. धर्मराज तांदळाची पिशवी पाठीवर घेऊन दुसऱ्या नळीला वळसा घालत असताना पार्कचा रेंजर जीपमधून उतरला. कोणा धावणाऱ्या बाईने तक्रार केली होती की एक माणूस जड पोतं घेऊन गॅसच्या नळ्यांभोवती फिरतो आहे.

"सर, इज धिस ॲन ऑर्गनाइज्ड ग्रुप?" रेंजरने अतिशय सभ्यपणे विचारलं. दहापेक्षा जास्त माणसांचा ऑर्गनाइज्ड ग्रुप असेल तर परमिट लागतं, त्यावर ग्रुप लीडरचं नाव लागतं, असं त्याने सांगितलं.

"नो, नो," धर्मराज छाती काढून म्हणाला. "वी आर सेल्फ-गाइडेड!"

"ऑर्गनाइज्ड नाही, एवढं मी शपथेवर सांगते," उपासना पोह्यांवर झाकण ठेवत म्हणाली. तिने ते इंग्रजीतही सांगितलं, आणि रेंजरने एकवार सगळ्यांकडे पाहून तिच्यावर विश्वास ठेवला. पण पोतं उघडून दाखवावं लागलं. भर टेकडीवर अकरा माणसांसमोर आपली बासमती हुंगली जाताना पाहून धर्मराजला बसमधल्या टाळ्या आठवल्या. पुढचे दोन दिवस त्याने पुस्तिका उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी तो व्हिसासाठी शिकागोच्या भारतीय वकिलातीत गेला. व्हिसा लागतो एवढं त्याला ठाऊक होतं. स्वतःच्या देशात जायला अर्ज करायचा याचं थोडं वाईट वाटलं होतं, पण ते त्याने तांत्रिक बाब म्हणून गिळलं होतं. खिडकीमागे एक शांत, चष्मा लावलेले गृहस्थ होते. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला.

"स्पीतीला जाणार? चांगली जागा आहे. तिथे वेगळं परमिट लागतं. सरहद्दीजवळ आहे ना. ते तिकडे गेल्यावर मिळेल. किमान चौघांचा ग्रुप पाहिजे आणि नोंदलेल्या एजन्सीतर्फे जायचं. एजन्सीचा गाइड बरोबर असतो."

"हो हो," धर्मराज समजूतदारपणे म्हणाला. "पण ते फॉरेनर्सना."

"बरोबर. फॉरेनर्सना."

दोघेही एकमेकांकडे पाहून मान डोलावत राहिले. मग त्या गृहस्थांनी निळा पासपोर्ट हलकेच खिडकीतून थोडा पुढे सरकवला, जसं डॉक्टर रिपोर्ट सरकवतात.

"म्हणजे मला?" धर्मराजने विचारलं.

"म्हणजे तुम्हाला."

मागे रांग होती. रांगेतल्या कोणीतरी घसा खाकरला. धर्मराजने शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, "आणि माझी आई? तिचा इंडियन पासपोर्ट आहे. सहासष्ट वर्षांची आहे हो."

"त्यांना काही लागत नाही," गृहस्थ म्हणाले. "त्या कुठेही जाऊ शकतात."

ट्रेनमधून घरी येताना त्याने पान दोन पहिल्यांदा वाचलं. सगळं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. आपण फॉरेनर आहोत हे जानेवारीत न्यायाधीशासमोर हात वर करूनही कळलं नव्हतं, ते मे महिन्यात एका खिडकीसमोर कळलं. त्याला लाज वाटली, राग आला, आणि मग आईचा चेहरा डोळ्यांसमोर येऊन सरळ भीती वाटली. आपण शब्द दिला आहे. तिकिटं काढली आहेत. हजार आणि चाळीस ही वर्षं पुन्हा एकदम येणार नाहीत.

मग सुरू झाला चार फॉरेनर गोळा करण्याचा उद्योग. एक स्वतः, दुसरी उपासना. सोनलला बँड कॅम्प. रवी एका पायावर तयार होता, पण त्याच्याकडे ग्रीन कार्ड, म्हणजे तो भारतीय, म्हणजे बाद. "यार, पहिल्यांदाच मला भारतीय असल्याचा तोटा झाला," तो म्हणाला. श्रूजबरीच्या एका मावसभावाला फोन केला. तोही भारतीय निघाला. ज्याला यायचं होतं त्याचा पासपोर्ट चुकीचा होता, आणि ज्याचा पासपोर्ट बरोबर होता त्याला गुडघे होते. एरवी नेपरव्हिलमध्ये दगड मारला तर फॉरेनरला लागेल, आणि धर्मराजला दोन मिळेनात.

शेवटी चारुदत्तकाका धावून आले. ते शहात्तर सालचे जुने नागरिक. "अरे, आम्ही आहोत की! मी आणि रेखा. आकड्यापुरते."

आकड्यापुरते आलेल्या काकांच्या अटी पहिल्या आठवड्यात तीन होत्या आणि जूनअखेर दोन पानं झाल्या. ऑक्सिजनचं नळकांडं बरोबर हवं. चालणं जीपपासून विहाराच्या दारापर्यंतच. मुक्कामाला कमोड. दुपारी दीड ते तीन झोप. दिल्लीच्या एजन्सीने या सगळ्याला फॅक्सवरून आनंदाने होकार दिला आणि बरोबर कार्यक्रमाचा कागद पाठवला, त्यात गाइडच्या फोटोखाली लिहिलं होतं की गर्दीत ओळखू यावं म्हणून तो हातात झेंडा धरेल. धर्मराजने झेंड्याचा रंग विचारला नाही. उपासनाने विचारला. पिवळा होता.

तरीही त्याने हिंमत सोडली नाही. झेंडा तर झेंडा, आईला विहार दिसणार ना. उलट त्याचा उत्साह वाढतच गेला. तो कामावर जिन्याने जाऊ लागला, डिंकाचे लाडू खाऊ लागला, आणि निघायच्या आधीच्या रविवारी त्याने टेकडीवर संपूर्ण ग्रुपची रंगीत तालीम ठेवली. काका पाठीला नळकांडं लावून आले. रेखाकाकू भाजणीचं वजन घेऊन आल्या. गिरजाबाई रिकाम्या हाताने आली आणि नेहमीप्रमाणे पुढे गेली.

सगळं पुस्तिकेबरहुकूम चाललं होतं. सातव्या थांब्यावर काका बसले ते पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटं, कारण त्यांना झोप लागली. त्यामुळे वेळापत्रक मागे पडलं. नवव्या थांब्यापाशी धर्मराजने वर पाहिलं. आई शिखरावर पोचली होती आणि लांबून हात हलवत होती. उजवीकडची वाट मोठा वळसा घेऊन जात होती. डावीकडची सरळ होती. हातातल्या पुस्तिकेत त्याच्याच हाताने त्या ओळीखाली दोनदा लाल रेघ मारलेली होती. धर्मराज डावीकडे वळला.

अठरा पावलांनंतर ओला उतार आला. तांदळाची पिशवी एका बाजूला गेली, धर्मराज दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये त्याचा घोटा राहिला. काकांनी मागून येऊन ऑक्सिजन दिला, जो घोट्याला काही उपयोगाचा नव्हता. पण तो दिल्याचं काकांना फार समाधान वाटलं.

सहा आठवडे प्लॅस्टर. चारांतला एक गेला. त्याला सोडून उपासना जाणार नव्हती, म्हणजे दोन गेले. उरलेल्या दोघांचं परमिट होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काका-काकूंच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद लपत नव्हता. एजन्सीला फॅक्स करून सगळं कॅन्सल केलं. त्या संध्याकाळी धर्मराज सोफ्यावर पाय उशीवर ठेवून पडला होता. आई त्याच्या पायाशी बसली होती.

"आई, मला माफ कर," तो म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मी तुला शब्द दिला होता."

"तुयं तिकीट कॅन्सल झालं," गिरजाबाईने विचारलं. "मायं झालं काय?"

"अजून नाही. पण तुझं कशाला ठेवायचं? तू एकटी कशी जाशील?"

"एकटी कायले? नागपूरले आमच्या विहारातल्या सात बाया हायेत. आठवी मी."

"पण वाट कशी कळेल? पुस्तक इंग्रजीत आहे!"

गिरजाबाईने हात पुढे धरला. मग तिने बोटांवर मोजत सुरुवात केली. "पयला थांबा, पानी भरून घ्या. दुसरा, जुनी गिरणी, तिथून नदी डाव्या हाताले..." एक शब्द न चुकता ती बाराव्या थांब्यापर्यंत गेली. पाच महिने, दर शनिवार-रविवार, तिने सगळं कानाने उतरवून घेतलं होतं. "छप्पन साली कोनाले रस्ता मालूम होता? निघालो अन् पोचलो. तू त कडेवर झोपला होता."

उपासना उठली आणि तिने गिरजाबाईची बॅग कपाटावरून खाली काढली. तिने प्रश्न विचारला नाही.

गिरजाबाई ठरल्या तारखेला गेली. आणि मग साडेतीन आठवडे काहीही कळलं नाही. धर्मराज प्लॅस्टरवर पुस्तिका ठेवून, आज आई कितव्या थांब्यावर असेल, याचे हिशेब मांडत बसे. काका येऊन मेंदूच्या सुजेबद्दल बोलत. सोनल बँड कॅम्पहून आल्या आल्या विचारायची, "डिड आजी कॉल?" आणि सप्टेंबरच्या एका सकाळी फोन वाजला. स्पीतीहून परतीच्या वाटेवरच्या रामपूरच्या एसटीडी बूथवरून.

"धर्मा? पाय कसा हाय?"

"पाय जाऊ दे! पोचलीस का? पाहिलंस का?"

"पाह्यलं ना. आत लय अंधार. भिक्खूनं टॉर्च धरला तवा दिसलं. चारी भितीईवर बुद्ध. तो मने, आमाले हजार वर्षं झाले. मी मनलं, आमाले चाळीस." फोनवर खरखर झाली. "तो हासला. मंग हात जोडले त्यानं. मीबी जोडले. मले तुयी लय आठवण आली रे. तुले कडेवर घेऊन गेली असती, पन तू आता जड झाला."

धर्मराज फोन धरून उभा राहिला होता, प्लॅस्टरचा पाय विसरून.

"अन् तुयं पुस्तक बराबर हाय," ती पुढे म्हणाली. "नवव्या थांब्याले डाव्या हाताची वाट सोपी दिसते. मी साऱ्या बायांईले थांबवलं. मनलं, माया पोरगा इथंच पडला. साऱ्या बाया बिचाऱ्या गप उभ्या राह्यल्या. एकीनं त डोये पुसले."

पुढच्या एप्रिलमध्ये गिरजाबाई पुन्हा नेपरव्हिलला आली, आणि जयंतीच्या कार्यक्रमात यंदा माईकवर तीच बोलली. दुसऱ्या रविवारी टेकडीवर चौदा माणसं जमली. काका-काकू, रवी, हॉलमधली काही कुटुंबं, आणि कोणी न सांगता आलेली सोनल. धर्मराज किंचित लंगडत सगळ्यांच्या मागे होता. दुसऱ्या नळीपाशी तोच रेंजर जीपमधून उतरला. त्याने धर्मराजला ओळखलं. पाठीकडे पाहिलं, पोतं नव्हतं.

"सर, इज धिस ॲन ऑर्गनाइज्ड ग्रुप?"

"येस," धर्मराज म्हणाला आणि त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. परमिट. रेंजरने ते वाचलं, लीडरच्या नावापाशी थबकला आणि ते नाव उच्चारण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न केला.

"शी इज द गाइड," धर्मराज पुढे बोट दाखवून म्हणाला. वर, चाळीस पावलांवर, नऊवारी आणि जॅकेट नळीला उजव्या हाताला ठेवून वळत होतं.

"अँड यू, सर?"

"मी?" धर्मराजचा चेहरा उजळला. "आय ॲम इन द ग्रुप."

सातव्या थांब्याशी गिरजाबाई थांबली. बाकावर बसली आणि शेजारची जागा हाताने झाडली. "धर्मा, बस. पाच मिनिटं काही करायचं नाही."

तो बसला. सगळे गवतावर बसले. समोर हायवेवरून ट्रक जात होते, एकामागून एक, लांबवर घरघरत. गिरजाबाईने डोळे मिटले.

"असाच आवाज येते तिथं," ती हळूच म्हणाली. "नदीचा. अगदी असाच."

धर्मराजनेही डोळे मिटले, आणि त्याला स्पीती ऐकू आली.